शिंगाड्याच्या वेलावरचं घरटं

पारशिवनी,
२७ मे २०२४

आयु. रवीस,

यमुताईचा सप्रेम जयभीम अन् पोटभर आशीर्वाद.

परवा तुहा फोन आला होता. मले नेहमीसारखं काहीच ऐकू आलं नाही. कानाची मशीन अंकुशनं आणून देल्ली, पण ती नुसती शिट्टी मारते. तिकडून तू बोलतं, इकडं सूनबाई माह्या कानाजवळ मोठ्यानं सांगते, अन् घरातली गोष्ट आख्ख्या मोहल्ल्याले समजते. म्हणून आपला कागदच बरा. सातवी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, सांभाळून घेजो.

अंकुशच्या मोबाइलवर तुह्या पाखरांचे फोटो पाहिले. तो पिवळा हळद्या लय चांगला आला. पंखातली काडी न् काडी दिसते. पण पोट्ट्या, एवढे पाखरं दाखवले अन् स्वतःचं तोंड एकदा बी नाही दाखवलं. रिटायर झालेला माणूस बहिणीच्या घरी येऊन आंबे खाते म्हणतात. तू काहून त्या तलावाच्या काठी उन्हात बसून राहिला?

आता कामाचं सांगते. अंकुशची पोरगी भूमिका बारावी पास झाली. माही नात हाय, म्हणून सांगत नाही, पण मार्क चांगले हायेत. तिले नर्सिंगले जायचं हाय. कॉलेज हिंगणा रोडले मिळन असं अंकुश म्हणते. होस्टेल पाहून आले दोघं, पण तिच्या मायचा जीव तयार होत नाही. तुमचं प्रताप नगर तिथून जवळ पडते. मले फिरवून बोलता येत नाही, सरळ विचारते. प्रशिकची खोली रिकामी हाय. तुह्या लेकराले जाऊन दीड वर्ष होत आलं. मी त्याचं नाव घेते म्हणून राग धरू नको, माह्या तोंडून ते रोजच निघते. त्या खोलीत भूमिका राहिली त चालन का? मायाले विचारजो अन् मले नवरा-बायको दोघांचंही कळवजो, एकट्याचं नको.

आंब्याचं लोणचं घातलं हाय. कोणी इकडं आलं त पाठवीन, नाही त तूच ये.

तुह्यावर जीव हाय तेवढाच राहीन, होकार दे का नकार दे.

तुही ताई,
यमु

---

प्रताप नगर, नागपूर
६ जून २०२४

ती. यमुताईस,

रवीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. वाचून बरं वाटलं. इकडे सर्व ठीक आहे. ऊन अजून उतरलं नाही, पण संध्याकाळी ढग येऊन जातात.

तू विचारलं आहेस की मी तलावाच्या काठी काय करतो. सांगतो. उजाडायच्या आत निघतो. एक दिवस अंबाझरी, एक दिवस गोरेवाडा, असं ठरवलेलं आहे. या आठवड्यात नवरंग आला. हे पाखरू पावसाच्या तोंडावर आपल्याकडे येतं, झुडपाखाली पाचोळ्यात उड्या मारत किडे शोधतं. हिरवी पाठ, पोटाखाली लाल. रंग खरोखर नऊ आहेत की नाही ते मी तपासलं नाही. शिट्टी फार मोठी, पण दिसत नाही. मी तीन सकाळी एकाच जागी बसलो तेव्हा पुढे आला. डोळ्यावर फोकस लागला. फोटो चांगला आहे, अंकुशच्या मोबाइलवर पाठवतो.

कंपनीत होतो तेव्हा मान वर करून झाडाकडे कधी पाहिलं नव्हतं. आता पाहतो. आवड लागली का म्हणशील, तर तसं सांगता येत नाही. पाखरू दिसतं, फोकस लागतो, बटण दाबतो. घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर टाकतो, चांगले ठेवतो, बाकीचे पुसतो. त्यात दिवस जातो. आमच्या पक्षिमित्रांच्या ग्रुपमध्ये बहुतेक रिटायर लोक आहेत. सगळे एकमेकांच्या फोटोखाली अंगठा टाकतात. घरचं कोणी विचारत नाही. ते सोयीचं आहे.

भूमिकाचं अभिनंदन. खोलीचं म्हणशील तर तिथे सध्या माझं कॅमेऱ्याचं सामान ठेवलेलं आहे. जागेची अडचण आहे. बघू.

प्रकृतीस जप. ममता आहे तशी असू दे.

तुझा,
रविंद्र

---

प्रताप नगर, नागपूर
१० जून २०२४

आद. ताईंना,

मायाचा सविनय जयभीम.

हे पत्र यांना न सांगता लिहून राहिली. तुमचं पत्र यांनी मला दाखवलं नाही, टेबलावर उघडं ठेवलं होतं, म्हणजे दाखवल्यासारखंच. यांनी तुम्हाला काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण अंदाज आहे. पाखरांचं लिहिलं असेल.

आणि खोलीत सामान आहे असं लिहिलं असेल, तर ताई, त्या खोलीत सामान म्हणून कॅमेऱ्याचा एक स्टँड आहे. तोही हे दार अर्धं उघडून, हात आत घालून भिंतीला टेकवतात आणि दार लावून घेतात. बाकीचं सगळं कपाटात आमच्याच खोलीत आहे. प्रशिकची खोली मीच झाडते, मीच चादर बदलते. त्याचे कपडे मागच्या दिवाळीत मी विहारात देऊन आली. हे तेव्हा गोरेवाड्याला होते. आल्यावर सांगितलं तर बरं म्हणाले आणि त्या दिवशीचा खंड्या मला दाखवायला लागले.

मागच्या महिन्यात एकदा वरणात मीठ टाकायचं राहिलं. मला माझ्या ताटात कळलं. हे आधी जेवून उठले होते. विचारलं, वरण कसं होतं, तर म्हणाले चांगलं होतं. मला हसू आलं, मग पुढे काय आलं ते तुम्हाला सांगायला नको. मला रडू आलं की हे उठून कॅमेऱ्याची काच पुसायला घेतात. रागानं नाही. नळ सुटा राहिला की माणूस उठून बंद करतो ना, तसं.

तुम्ही कॉलेजच्या रस्त्याचं नाव लिहिलं, तिथंच गाडी अडली आहे. प्रशिक सेकंड शिफ्ट करून मोटरसायकलनं घरी येत होता आणि हिंगणा रोडवर ट्रकनं त्याला उडवलं, हे तुम्ही जाणता. त्या दिवसापासून हे त्या रस्त्यानं गेले नाहीत. रिटायर व्हायला काही महिने राहिले होते, तेवढे दिवस कंपनीची बस सोडून पार उलट्या अंगानं फिरून जायचे. यांचे तलाव पण पाहा. सगळे दुसऱ्या बाजूचे.

माझं विचाराल तर भूमिका मला पाहिजे आहे. घरात कुणीतरी उशिरापर्यंत झोपावं, कुणीतरी ही भाजी नको म्हणावं, असं फार वाटतं. पण मी एकटीनं होकार कसा देऊ?

पत्राचं उत्तर द्या, पण यांच्या नावानं पाठवलेल्यात माझा उल्लेख करू नका. दूर असून तुम्ही जवळच्या आहात, ते तसंच चालू द्या.

तुमची,
माया

---

पारशिवनी,
२ जुलै २०२४

आयु. रवीस,

ताईचा जयभीम अन् आशीर्वाद.

नवरंग पाहिला. सुंदर हाय बाप्पा. आता माही गोष्ट ऐक.

आमच्या गावामागची बोडी, म्हशी डुंबायच्या ते तळं, तुले आठवते. लहानपणी तू तिच्यात म्हशीच्या पाठीवरून पडला होता अन् घरी येऊन मी ढकललं म्हणून सांगितलं होतं. त्या बोडीत आता महादेवराव शिंगाडा लावते. यंदा पाऊस बरा झाला, वेल चांगला पसरला. परवा महादेवराव सांगत होता, का वेलावर लांब शेपटीचं पाखरू चालून राहिलं. पाण्यावर चालते म्हणे, बुडत नाही. पाय कोळ्यासारखे लांब, मान मागून सोन्यावानी पिवळी, अन् शेपटी त नवरीच्या पदरासारखी मागं लोंबते. मी अंकुशले म्हटलं, हे माह्या भावाच्या कामाचं हाय.

तवा तू ये. पण अट हाय. मायाले घेऊन ये. एकटा आला त महादेवरावले सांगून ठेवीन, का कॅमेरेवाल्या माणसाले बोडीच्या पाळीवर चढू देऊ नको. तो माह्या शब्दाबाहेर नाही.

भूमिकाचा अर्ज भरला हाय. कॉलेज लागाले अजून वेळ हाय. तुले मी घाई करत नाही. पण "बघू" हे काही उत्तर नोहे, ते तुलेही समजते.

टोंगळे दुखतात, बाकी बरी हावो. येतो म्हणून लिहिजो, तोवर वाट पाहण्यात माहा दिवस चांगला जाईन.

तुही,
यमुताई

---

पारशिवनी,
२ जुलै २०२४

आयु. मायास,

सप्रेम जयभीम.

तुह्या नवऱ्याच्या पाकिटात हे टाकलं असतं त त्यानं वाचलं असतं, म्हणून वेगळं तिकीट लावलं. पाखराचं खोटं नाही वं, खरंच आलं हाय. पण मी काही पाखरासाठी बोलावून नाही राहिली.

मिठाचं वाचून मले दोन दिवस गोड लागलं नाही. आमचा बाप गेला होता तवा रवी दहा वर्षांचा होता. सगळे रडले. हा अंगणात बसून सायकलची चेन साफ करत होता. संध्याकाळपर्यंत करत होता. मायनं चार वेळा हाक मारली. त्याले तसंच येते, दुसरं येत नाही. हे त्याची बाजू घेऊन लिहिलं नाही. तुले एकटीनं किती दिवस सोसवन, ते मले बी दिसते.

तू फक्त संगं ये. बॅग भरतानी तो काही बोलला त ऐकू नको.

तुहीच,
यमुताई

---

प्रताप नगर, नागपूर
९ ऑगस्ट २०२४

ती. यमुताईस,

सविनय जयभीम. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. बस पावसामुळे थोडी थांबली. लोणच्याची बरणी फुटली नाही.

चार दिवस तू आमचं फार केलंस. शेवटच्या सकाळी बोडीवर काय झालं ते तू विचारलं नाहीस. मायानंही तुझ्याकडे काही सांगितलं नसेल. म्हणून लिहितो.

त्या पाखराचं नाव कमळपक्षी. महादेवरावांनी सांगितलं ते बरोबर होतं, बोटं इतकी लांब असतात की वजन पानांवर पसरतं आणि ते बुडत नाही. या जातीत मादी अंडी घालते आणि दुसरीकडे निघून जाते. उबवायचं, राखायचं, पिल्लं वाढवायची, सगळं नर करतो. आपल्या बोडीत शिंगाड्याच्या वेलावर त्याचं घरटं होतं. घरटं म्हणजे काय, ओल्या काड्यांचा एक चपटा ढीग. त्यावर चार अंडी, गडद तपकिरी, पॉलिश केल्यासारखी चमकणारी. पहिले तीन दिवस मी पाळीवरून त्याचे फोटो काढले. तो बसायचा, उठायचा, कावळा दिसला की अंगावर जायचा, परत बसायचा.

शेवटच्या रात्री पाऊस झाला तो तुला माहीत आहे. सकाळी आम्ही गेलो तेव्हा बोडीचं पाणी चढलं होतं. घरट्याच्या एका बाजूवर पाणी आलं होतं. माया माझ्याशेजारी छत्री धरून बसली होती. थोड्या वेळानं नरानं एक अंडं चोच आणि छाती यांच्यामध्ये धरलं आणि पाठमोरा चालत, वेलावरून, दुसऱ्या एका उंच झुबक्याकडे नेलं. ठेवलं. परत आला. दुसरं नेलं. हे मी फक्त पुस्तकात वाचलं होतं. आमच्या ग्रुपमधल्या कोणीच पाहिलेलं नाही.

तिसरं नेताना एक पान खाली दबलं आणि अंडं सुटून पाण्यात गेलं.

तो तिथे उभा राहिला. पाण्यात चोच घातली, काढली, परत घातली. मग मागे फिरला आणि चौथं न्यायला गेला. ते नीट पोचलं. त्यावर जाऊन बसला.

मी बटण दाबत होतो. सगळं आलं आहे. एकही फोटो हललेला नाही. अंडं सुटतं तो क्षणसुद्धा स्पष्ट आहे, पाण्याचा थेंब वर उडालेला दिसतो. माया मधेच उठून निघून गेली. मी तिला हाक मारली, ती थांबली नाही. काहून गेली ते मी विचारलं नाही.

तो फोटो ग्रुपवर टाकला तर सगळ्यांना आवडेल. अजून टाकला नाही. का नाही टाकला ते मला सांगता येत नाही. मनात काही आहे असं नाही. काही नाहीच आहे. ते मी तुला कसं लिहू ते समजत नाही, ताई. हात पाय चालतात, भूक लागते, झोप येते. डॉक्टर टाके घालताना सुई टोचून जागा बधिर करतो, आणि टाके पडत असतात ते माणसाला नुसते कळतात, तसं आहे. फक्त ती सुई उतरलेली नाही.

असो. अंकुशला, सूनबाईला आशीर्वाद. महादेवरावांना नमस्कार सांग.

ओढ असू दे.

तुझा,
रविंद्र

---

प्रताप नगर, नागपूर
१३ ऑगस्ट २०२४

आद. ताईंना,

सविनय जयभीम.

बोडीवरून मी तशीच चिखलात चालत आली आणि तुम्ही एक शब्द न विचारता मला चुलीपाशी बसवून चहा दिला, ते मी विसरणार नाही.

आता सांगते. अंडं पाण्यात गेलं तेव्हा माझ्या तोंडून आवाज निघाला. मी यांच्याकडे पाहिलं. यांचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला होता आणि बोट चालू होतं. टक टक टक टक. मला इतका राग आला की छत्री यांच्या डोक्यात घालावी. त्या पाखराचा पण राग आला. एक गेलं तरी लगेच दुसऱ्याच्या मागे लागलं, जसं काही झालंच नाही. दोघं सारखे, असं मनात आलं आणि मी उठली.

तुम्ही म्हणाल मायाचं डोकं फिरलं. पण बसमध्ये खिडकीशी बसून विचार करत होती. ते पाखरू रडत बसलं असतं तर चौथंही बुडालं असतं. त्याच्या जोडीला कोण होतं? मादी तर निघून गेलेली. मग माझ्या ध्यानात आलं की मी तर निघून गेली नव्हती. मी घरातच होती. तरी यांनी सगळं एकट्यानंच उचलून नेलं, पाठमोरं.

घरी आल्यावर हे तीन संध्याकाळी कॉम्प्युटरपुढे बसले. मी मागून जाऊन पाहिलं. शेकडो फोटो होते, पण हे एकच उघडून बसले होते. अंडं पडायचा नाही. त्याच्या नंतरचा, पाखरू पाण्यात चोच घालून उभं आहे तो. चहा निवला. मी दुसरा ठेवला, तोही निवला.

काल सकाळी मी प्रशिकच्या खोलीचं दार सताड उघडलं, खिडक्या उघडल्या, गादी उन्हात टाकली आणि यांना म्हटलं, की भूमिका इथं राहणार. विचारत नाही, सांगते आहे. हे दारात उभे होते. आत आले नाहीत. तिथूनच म्हणाले, की तिचं कॉलेज त्या रोडवर आहे. ताई, दीड वर्षात त्या रस्त्याबद्दल यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. मी म्हटलं, मला माहीत आहे. म्हणाले, ती रोज जाईल. म्हटलं, हो, रोज जाईल आणि रोज परत येईल.

 नंतर पाहिलं तर यांनी स्टँड बाहेरच्या खोलीत सोफ्यामागे नेऊन ठेवला होता.

हा आमचा होकार समजा. पोरीला पाठवा. माझ्यावर हक्क गाजवत राहा, मला तो आवडतो.

तुमची,
माया

---

पारशिवनी,
२० ऑगस्ट २०२४

आयु. रवी अन् आयु. माया, दोघांस,

ताईचा जयभीम.

यावेळी एकच पाकीट करते, आता चोरून लिहायचं कारण राहिलं नाही. रवी, तू मायाच्या पत्राचं विचारशील त विचार. बायका बायका लिहितात.

पोट्टी तीस तारखेले येईन. अंकुश सोडून देईन. तिले दोडका आवडत नाही, भरपूर करून घालजो. सकाळी लवकर उठत नाही, अन् अभ्यास करते त मोठ्यानं वाचून करते, मलेसुद्धा ऐकू येते म्हणजे समजून घ्या. जाण्यायेण्याले ऑटो लावून द्या, दुसऱ्या पोरींसंगं. रवी, तुले कोणी त्या रस्त्यानं जाय म्हणत नाही. माह्याकडून हे पक्कं समज.

तुह्या पत्रातलं शेवटचं मी दोनदा वाचलं. सुई उतरन. कवा ते मी सांगू शकत नाही. उतरन तवा दुखन, हे मात्र सांगून ठेवते.

बोडीत तिन्ही अंडे फुटून पिल्लं निघाले, असं महादेवराव म्हणे. बाप त्यांच्या मागं मागं फिरते.

नात देऊन राहिली तुमच्याकडं, अजून काय द्यावं?

तुमची,
यमुताई

---

प्रताप नगर, नागपूर
११ सप्टेंबर २०२४

प्रिय आजी,

कडक जयभीम!

तू म्हणालीस पत्रच लिही, म्हणून लिहून राहिली. वर्गात कोणाला सांगितलं नाही, हसतील.

मी मजेत आहे. माया आजीनं पहिल्याच दिवशी दोडका केला आणि माझं तोंड पाहून इतकी हसली की मला समजलं हे तुझं काम आहे. मग तिनं माझ्यासाठी अंडी केली. ती मला उठवायला तीनदा येते आणि तिसऱ्यांदा पण रागावत नाही. खोली छान आहे, खिडकीतून कडुनिंब दिसतो. प्रशिककाकाचा एक फोटो आजीनं भिंतीवर लावला. मी म्हटलं राहू दे, मला चालतो.

आजोबा जास्त बोलत नाहीत. वाईट बोलत नाहीत, बोलतच नाहीत. सकाळी मी उठते तेव्हा ते तलावावरून येऊन बसलेले असतात. मला रोज एक पाखरू दाखवतात आणि त्याचं नाव सांगतात. दुसऱ्या दिवशी विचारतात. मला शरीरातली हाडं पाठ होईनात, त्यात यांची पाखरं. काल मी टिटवीला मांडीचं हाड म्हटलं. हसले नाहीत, पण आजीकडे पाहिलं, आणि आजी हसली.

ऑटो सकाळी येतो. आजोबा माझ्यासोबत कोपऱ्यापर्यंत येतात. ऑटोवाल्याला रोज सांगतात हळू चालव. ऑटो मोठ्या रस्त्याला वळेपर्यंत तिथंच उभे असतात. एकदा मी वही विसरले म्हणून थोड्या वेळानं परत आले, तर अजून तिथंच होते. मी काही विचारलं नाही. बरोबर केलं ना?

पप्पाला सांग मोबाइलचं कव्हर पाठव. तुझे टोंगळे कसे आहेत? आमच्या मॅडम म्हणतात गुडघे गरम पाण्यानं शेक. तू शेकणार नाहीस, तरी लिहिलं.

तुझी लाडाची (तूच म्हणतेस),
भूमिका

---

प्रताप नगर, नागपूर
२४ सप्टेंबर २०२४

ती. यमुताईस,

सविनय जयभीम. वि. वि.

आज सकाळी ऑटोवाला आला नाही. त्याच्या घरी कोणी आजारी आहे. भूमिकाची पहिली परीक्षा होती. पाऊस पडत होता, सिटी बसचा भरवसा नव्हता, पोरगी रडकुंडीला आली. माया माझ्याकडे पाहत नव्हती, मुद्दाम पाहत नव्हती. मी स्कूटरची किल्ली घेतली.

भूमिका मागे बसून हाडांची नावं घोकत होती. अगदी कानाशी. खांद्यापासून सुरू करून मनगटापर्यंत आली की अडकायची आणि परत खांद्यापासून. मी तिचं ऐकत होतो आणि पुढची गाडी पाहत होतो. ती जागा कधी मागे गेली ते मला कळलंच नाही. गेटवर ती उतरली, आजोबा थँक यू म्हणाली आणि पळाली.

परत येताना मात्र मी एकटा होतो.

त्या जागेशी मी गाडी बाजूला घेतली. ताई, मला वाटत होतं तिथे काहीतरी असेल. काय असेल ते माहीत नव्हतं, पण काहीतरी. काहीच नव्हतं. नवीन डांबर टाकलं आहे. एक चहाची टपरी आहे, पंक्चरवाला आहे. कंपनीच्या बसेस जात होत्या. पाऊस थांबला होता. मी पाहिलं आणि निघायचं ठरवलं, तर किल्ली फिरवायला हात उठेना. गाडीला काही झालं नव्हतं. हातच उठेना. पंक्चरवाल्यानं विचारलं, पेट्रोल संपलं का काका. मी नाही म्हटलं.

मग मायाला फोन लावला. मी रस्त्यावर आहे, एवढंच बोलता आलं. कोणत्या रस्त्यावर ते तिनं विचारलं नाही. ऑटो करून आली. केस तसेच होते, घरातली साडी होती.

त्या रात्री मी तिला तिथे आणलं नव्हतं. नंतरही नाही. तिनं विचारलं, नेमकं कुठं. मी दाखवलं. ती तिथे जाऊन उभी राहिली. गाड्या हॉर्न देत होत्या. मी तिच्या मागे उभा राहिलो, म्हणजे येणाऱ्या गाड्यांना आधी मी दिसेन.

मग ती विचारायला लागली. कसा पडला होता. हेल्मेट होतं का. कोणी उचललं. बोलला का काही. मी सगळं सांगितलं, शिफ्ट संपताना पुढच्या माणसाला सांगतात तसं, एकामागून एक. मी पोचलो तेव्हा प्रशिक जिवंत नव्हता, हेही सांगितलं. मग टपरीवाल्याकडे पाणी मागितलं. ते प्यायलो नाही. माया म्हणाली, रडा. मला येत नव्हतं. पण अंग थरथरायला लागलं, इतकं की टपरीवाल्यानं बाक ओढून दिला. आम्ही त्यावर बसलो. माया रडली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, भर रस्त्यात. ती रडायला लागली की मी उठून जात असे, ते तिनं तुला लिहिलं असेल. आज उठलो नाही. उठवतही नव्हतं, पण उठायचं मनातही आलं नाही. तिचं डोकं खूप गरम लागत होतं. खांदा अजून दुखतो आहे.

टपरीवाल्यानं आमच्या चहाचे पैसे घेतले नाहीत. का ते त्यानं सांगितलं नाही.

स्कूटरवरून दोघं घरी आलो. माया आत झोपली आहे. तिला मी उठवलं नाही.

ऑटोवाला संध्याकाळीही येणार नाही. भूमिकाला आणायला जायचं आहे, त्याच रस्त्यानं. माया म्हणाली होती मी पण येते. मी म्हटलं, तू झोप, मी जातो. कॉलेज सुटायची वेळ होत आली. पत्र इथेच थांबवतो. पेपर कसा गेला ते ती तुला लिहीलच.

तुझा,
रवी